घुच

भिलाईत त्या टायमाले कोनाले पानी पाजायच्या अगोदर दोन गोष्टी इचारायची रीत होती. कुठचा? आन कोन? पहिल्याचं उत्तर पसंत पडलं तर दुसरा प्रश्न लाजत लाजत यायचा, आन दुसऱ्याचंही पसंत पडलं तरच पान्याचा गिलास यायचा. मी भंडाऱ्याकडचा. आमच्या घरच्यायनं नवा नवा बौद्ध धम्म घेतला होता. त्याच्यामुळं पहिल्या प्रश्नाले मी टेचात उत्तर द्यायचो, आन दुसरा यायच्या आत "तहान नाही" म्हनून उठून जायचो. भिलाईच्या उन्हाळ्यात तहान नसलेला मानूस म्हनून माही चांगलीच ख्याती झाली होती.

आमचा उस्ताद मात्र पहिल्याच प्रश्नाले अडून बसला होता. तो खलाशी गँगचा फोरमन. खलाशी म्हनलं की लोकायले जहाज आठवते. कारखान्याच्या कामावर खलाशी म्हनजे दोर, साखळ्या आन कप्प्या लावून लोखंडाचे धूड वर चढवनारे. मी त्याच गँगमधे होतो. उस्तादाले पंजाब्यानं गाव इचारलं की तो म्हने, "मदुरा." मद्राशानं इचारलं की "अमृतसर." बंगाल्याले त्यानं नाशिक सांगतलं होतं. मी एक दिवस त्याले बाजूले घेऊन, एकदम घरच्यावानी आपुलकीनं इचारलं, तर म्हने, "ढाका."

"उस्ताद, ढाका तो अब पाकिस्तान में है," मी म्हनलं.

"इसीलिए तो इधर आया ना," तो म्हने, आन दोराची गाठ पाहाले निघून गेला. घ्या!

टोपी, पगडी, गमछा, याच्यावरून मानूस ओळखू येते म्हनून हा बाजारातही कामावरचं हेल्मेट घालून जाय. न्हाव्याकडंही घालूनच जाय, आन न्हावी बिचारा कडेकडेनं जेवढं दिसन तेवढं कापे. धोतर कधी नेसला नाही, कारन काष्ट्यावरून मुलूख कळते. जेवाले सोमवारी बंगाल्यायच्या मेसमधे, मंगळवारी पंजाब्यायच्या, बुधवारी आंध्रवाल्यायच्या. शिव्यायचं त्याचं वेगळंच शास्त्र होतं. पंजाब्याले तो तेलुगूत शिवी देई आन तेलुगूवाल्याले पंजाबीत. म्हने, "गाली ऐसी देना जो सामनेवाले को समझे नहीं. अपना मन हल्का, उसका मन साफ." त्याच्या गँगमधे शिव्यावरून मारामारी झालेली मी पाह्यली नाही. बाकी सगळ्यावरून झाली.

तेव्हा रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता. दिल्लीहून कोनी पाहुना आला की भाषनात म्हने, हा लघु भारत आहे. खरंच होतं बाप्पा. भारतात जेवढी भांडनं होती तेवढी सगळी आम्ही लघु आकारात संगं घेऊन आलो होतो. बंगाल्यायचा नळ वेगळा, बिहाऱ्यायचा वेगळा. केरळवाल्यायच्या खोबरेल तेलाचा वास पंजाब्याले सहन होत नव्हता आन पंजाब्याच्या लसनाचा केरळवाल्याले. आमचं मराठी मंडळ होतं, त्यातही नागपूरवाले आन पुन्यावाले असे दोन नळ होते. गनपतीत मले शेवटच्या रांगेतली खुर्ची भेटे, आन मागच्यायले पंख्याची हवा चांगली लागते असं सेक्रेटरीभाऊ समजावून सांगत. पंखा समोर होता.

कामायचीही वाटनी झाली होती. कोनी केली मालूम नाही, पन सगळ्यायले पाठ होती. नकाशे बंगाल्यायनं काढायचे, ट्रक पंजाब्यायनं चालवायचे, टाइप केरळवाल्यायनं करायचं, दोरावर आंध्रवाले, फिटरच्या हाताखाली आमचे विदर्भातले पोट्टे. आन ज्यायच्या जमिनीवर हे सगळं उभं राहत होतं, त्या छत्तीसगडी मानसायले कोनतं काम? त्याच जमिनीची माती टोपल्यात भरून दुसरीकडं नेऊन टाकायचं. बाई असली तर तिले रेजा म्हनत, मानूस असला तर कुली. सगळ्यायचं मंडळ होतं, यायचं नव्हतं. छत्तीसगडात छत्तीसगड मंडळ कशाले पाहिजे, असं सगळेच म्हनत.

तर उस्ताद कोनाचा, हा त्या वर्साचा मोठा राष्ट्रीय प्रश्न झाला होता. गँगमधे मानूस लावायचं त्याच्या हातात होतं ना! म्हनून सगळ्यायले तो आपला पाहिजे होता. बंगाली म्हनत, मासोळीचा काटा पाहा कसा काढते, आमचाच. आमचे सेक्रेटरीभाऊ म्हनत, "पोळी मोडायची ढब पाहा त्याची. अस्सल मराठी वळन." पंजाबी म्हनत, आवाज ऐका. शेवटी असं ठरलं, की त्याच्या पायावर कधी ना कधी लोखंड पडनच, तेव्हा तो जोन्या भाषेत "आई" म्हनन ती त्याची भाषा. तेवढ्यासाठी सगळे हिंदुस्थानी एक होऊन त्याच्या पायावर लोखंड पडायची वाट पाहून राहिले होते. एवढी एकी मी पुन्हा पाह्यली नाही.

उस्ताद मानसं लावे ते उलट्याच हिशोबानं. एका दोरावर एका मुलखाचे दोघं कधी ठेवले नाही. "दोनों गाँव की बात करेंगे, दोर कौन देखेगा?" असं त्याचं म्हननं. त्याच्यामुळं माह्या एका बाजूले आंध्राचा खलाशी आन दुसऱ्या बाजूले केरळचा. आम्ही तिघं दिवसभर एकमेकायले पाहून हासत होतो, कारन दुसरं काही करता येत नव्हतं.

उचलायचे आन उतरवायचे शब्द आमाले रशियन साहेबायनं दिले होते. 'वीरा' म्हनजे उचल, 'मायना' म्हनजे खाली घे. पहिल्या दिवशी आमाले वाटलं, गोऱ्याले घरच्या पोरींची आठवन येऊन राहिली. पन मंग ते सगळ्यायच्या तोंडी बसलं. वर न्यायचा शब्द होता, खाली आनायचा होता, 'बाजूले हो' म्हनायले मात्र एक शब्द नव्हता. म्हनजे ढीगभर होते, तेच तर वांधे होते.

एक दिवस लोखंडाचा मोठा पाइप वर चालला असताना आंध्रवाल्याले साखळी सरकताना दिसली. तो जीव तोडून ओरडला, "आगू! आगू!" त्याच्या भाषेत आगू म्हनजे थांब. आमाले ऐकू आलं आग. मंग काय इचारता! कोनी रेतीच्या बालट्या आनल्या, कोनी पान्याच्या. आग कुठं दिसेना म्हनून एकानं अंदाजानं पानी फेकलं, ते नकाशे घेऊन चाललेल्या बंगालीबाबूच्या आंगावर. बाबू जे बोलले ते आमाले शब्दानं नाही, पन सुरावरून बराबर समजलं. ह्या गडबडीत ज्याले थांबवायचं होतं ते थांबलंच नाही. पाइप धाडकन खाली आला. नशीब, खाली कोनी नव्हतं.

त्याच्यावर कँटीनमधे सभा झाली. मुद्दा एकच, बाजूले हो म्हनायले सगळ्यायनं एकच शब्द वापरायचा. पंजाबी म्हने, "हट!" केरळवाला म्हने, आम्ही "मारिक्को" म्हनतो. झालं, हिंदीवाले उठून उभे राह्यले, "ये तो मारने को बोलता है!" बंगाली म्हनत "सोरो" हा शब्द सगळ्यात गोड आहे, जसं काही लोखंड खाली येताना गोड ऐकू आलं पाहिजे. आंध्रवाल्याचं "तप्पुको" होतं. मीही काही कमी नाही, मी उठून "सरक" ह्या शब्दात कसा ठसका आहे ते घोळवून घोळवून सांगतलं. बाया गेल्या पानवठ्यावर आन घडे राह्यले घरी, तशातली गत. शेवटी ठराव झाला, की ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत ओरडावं. मान सगळ्यायचा राह्यला. खालून जानाऱ्याच्या मानेचं काय, ते कोनी इचारलं नाही.

इचारलं ते उस्तादानं. उठून म्हने, "गिरेगा किसके ऊपर?"

खालून जात त्या रेजा, डोक्यावर टोपली घेऊन, एकामागं एक. त्यायच्यापैकी सभेत कोनी नव्हती. कोनी बोलावलंही नव्हतं. मागून एक जन हासून म्हने, "उनका क्या है, वो तो इधर के ही हैं."

"हाँ," उस्ताद म्हने, "इधर के ही हैं." आन हेल्मेट दाबून निघून गेला.

आता त्याच्या क्वार्टरची गोष्ट सांगतो, कारन उस्तादाचा जीव त्याच्यात अडकला होता. आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमधे राहत होतो, आन सेक्टरात पक्के क्वार्टर बांधून होऊन राहिले होते. बाकी लोकं बाजाराजवळचं पाहिजे, शाळेजवळचं पाहिजे म्हनून क्वार्टर वाटनाऱ्या कमिटीच्या मेंबरायच्या पाया पडत. याले पाहिजे होतं एकच, एका रांगेतलं शेवटचं, जिथं मागं एक जुनं आंब्याचं झाड तोडायचं राहून गेलं होतं. दर ऐतवारी हा तिथं जाय. दरवाजे लागले नव्हते तवापासून आत जाऊन बसे. एकदा मी संगं होतो. मिस्तरी स्वयपाकखोलीचा ओटा बांधून राहिला होता. उस्ताद त्याले म्हने, "चूल्हा इधर नहीं, उधर था."

मिस्तरी हासला. मीही हासलो. 'होना चाहिए'च्या जागी 'था' म्हनते, ढाक्याचा हिंदी असाच असन, असं वाटलं मले. आमच्या सगळ्यायचाच हिंदी लंगडा होता, कोन कोनाले हासनार?

"उस्ताद, एवढे क्वार्टर पडले, हेच कावून?" मी इचारलं.

"मिलेगा तो यही. नहीं तो शेड में मरूँगा," तो म्हने. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. मले पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

तसं पाहाले गेलं तर काळजीचं काही नव्हतं. फोरमन होता, कामात पक्का होता, आन कमिटीवर सगळ्याच मंडळायचे मेंबर होते. प्रत्येकाले वाटे, हा आपला मानूस. आपल्या मानसाले क्वार्टर भेटू नाही, असं कोन म्हनन? त्याचं नाव एकमतानं वर गेलं होतं. फक्त कमिटीच्या शेवटच्या बैठकीत शिक्का लागायचा बाकी होता.

बैठकीच्या दोन-चार दिवस अगोदर आम्ही गर्डर चढवून राहिलो होतो. दुपारची वेळ. गर्डर निम्म्यावर गेला आन साखळीची कडी उकलली. एका बाजूनं तो लोंबला, आन बरोब्बर त्याच्या खाली एक रेजा, कोवळी पोट्टीच म्हना ना, टोपली घेऊन उभी. आम्ही सगळे एकदम ओरडलो. ठरावाप्रमानं, आपापल्या भाषेत. हट, सोरो, तप्पुको, सरक. पाच मुलखायचे लोकं आपल्याकडं पाहून ओरडून राहिले आहेत हे तिले दिसलं, काय म्हनून राहिले ते समजलं नाही. त्यातून माह्या बाजूचा केरळवाला "मारिक्को! मारिक्को!" म्हनून हात हालवू लागला. तिनं 'मार' ऐकलं. आपल्याले आता मारतात असं समजून ती पोट्टी टोपली खाली ठेवून, डोक्यावर दोन्ही हात धरून, तिथंच खाली बसली. गर्डरच्या बरोब्बर खाली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "घुच! घुच वो नोनी, घुच!"

अशी उडी मारली तिनं, जशी घरातून मायनं हाक मारली. गर्डर टोपलीवर पडला. टोपलीची पोळी झाली. छत्तीसगडीत घुच म्हनजे सरक, नोनी म्हनजे पोरी.

उस्ताद धावत आला होता, हेल्मेट कुठं तरी पडलं होतं. अर्ध्या कापलेल्या केसायचा तो अवतार आम्ही पहिल्यांदाच पाहून राहिलो होतो. पोट्टीजवळ बसून तो तिच्याशी तिच्याच बोलीत बोलून राहिला होता, भडाभडा, न थांबता. अशी बोली शिकून येत नाही हो. ती दुधासंगंच पोटात जाते.

पोट्टी वाचली हे कोनी पाह्यलंच नाही. सगळे उस्तादाकडं पाहून राहिले होते. पंजाबी फिटर हळूच म्हने, "ओए, ये तो इधर का निकला!" चोर पकडल्यावानी.

संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत बातमी सगळ्या नळायवर पोचली. बंगाली म्हनाले, आमाले शंका होतीच, काटा काढते पन श्रद्धेनं काढत नाही. आमचे सेक्रेटरीभाऊ म्हनाले, "मी पहिलेपासूनच सांगून राहिलो होतो, पोळी मोडायचं ते वळन आपलं नाही." पायावर लोखंड न पडताच सगळ्यायचा निकाल लागला होता.

आन कमिटीची बैठक झाली. त्या बैठकीत जे झालं, ते मले आंध्राच्या मेंबरानं सांगतलं, आन सांगताना त्याले काही चुकलं असं वाटतही नव्हतं. उस्तादाचं नाव निघाल्यावर आमचे सेक्रेटरीभाऊ उठले आन म्हनाले, बाहेरून आलेल्यायले राहाले जागा नाही म्हनून क्वार्टर आहेत. हा तर इथलाच. याले क्वार्टर कशाले? याचं घर असनच ना इथं!

बिनतोड! सगळ्या मुलखायनं माना डोलावल्या. सभेत एक शब्द ठरवता न येनारी मानसं चहा थंड व्हायच्या आत एकमत झाली. आंब्याच्या झाडाचं क्वार्टर सेक्रेटरीभाऊले भेटलं. त्यायले झाडाची आवड होती म्हनते.

माह्या आंगाची लाही लाही झाली. मी उस्तादाले पाहाले शेडमधे गेलो, तो नव्हता. ऐतवार होता, म्हनून तिकडं गेलो. तो झाडाच्या बुडाशी बसला होता, उघड्या डोक्यानं.

"उस्ताद, गाव कौन सा?" मी उभ्या उभ्या इचारलं.

त्यानं जमिनीवर हात ठेवला. "मोर घर इही मेर रिहिस," म्हने. माहं घर इथंच होतं. झाड आंगनातलं होतं. आता सेक्रेटरीभाऊचा ओटा होता तिथून दोन हात इकडं चूल होती. तो जवान असताना कलकत्त्याले गोदीत दोर ओढाले गेला. इकडं मोठं काम निघालं ऐकून वापस आला, तर गाव उठलेलं, घरचे पांगलेले, झाड तेवढं उभं. कामाच्या फाटकावर गेला. गाव इचारलं, यानं खरं सांगतलं. त्यायनं हातात टोपली देली.

"दूसरे दिन दूसरे फाटक पे गया. बोला, कलकत्ता. तो दोर दिया." तो हासला. "एक रात में मैं कितना होशियार हो गया, देखो."

मले हासू आलं नाही. मले माही न लागनारी तहान आठवली. म्हनलं, "मंग एवढं सांभाळलं, तर त्या दिवशी तोंड कावून उघडलं? हट म्हनायचं होतं."

"हट बोलता तो वो हटती क्या?" तो म्हने.

मी बसलो त्याच्याजवळ.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून सगळ्या कारखान्यात तो शब्द पसरला. ज्याच्यावर सभेत डोकी फुटायची बाकी होती, ते आपोआप झालं. पंजाबी म्हने घुच, बंगाली म्हने घुच, केरळवाला तर एवढं सुंदर घुच म्हने की वा! राष्ट्राची एकात्मता म्हनतात ती हीच असन. पहिले पहिले लोखंड उचलताना म्हनत. मंग नळावर, सायकल स्टँडवर, रेशनच्या दुकानात. फक्त आपसात आम्ही अजूनही हट, सोरो, सरकच म्हनत होतो. घुच म्हनायचं ते त्यायले, जे इथले. घुच, आमाले पानी भरू दे. घुच, आमाले जाऊ दे.

उस्ताद फोरमनच राह्यला, पन त्याच्याकडं कोनी पोट्टा लावून द्या म्हनून येईना. हेल्मेट कामापुरतंच घालू लागला. लपवाले काही उरलं नव्हतं.

पुढं एका ऐतवारी सेक्रेटरीभाऊनं नव्या घराचा चहा ठेवला. मंडळातल्या सगळ्यायले बोलावलं, म्हनून मलेही बोलावलं. मी पोचलो तर आंगनाले तारेचं कुंपन, लाकडाचं फाटक, फाटकावर पाटी. आन आतमधे आंब्याखाली उस्ताद उभा. ऐतवार होता ना. सवयीनं फाटक उघडून आत गेला असन. झाडाले हात लावून उभा होता.

तेवढ्यात सेक्रेटरीभाऊचे पाहुने रिक्षातून उतरले. भाऊ लगबगीनं बाहेर आले. हेल्मेट नसलेलं ते डोकं त्यायनं कधी पाह्यलं नव्हतं. कोनी तरी वाटेत उभा आहे एवढंच दिसलं. हातानं माशी हाकलल्यावानी करून म्हनाले, "ए! घुच!"

मले वाटलं, आता हा तेलुगू, पंजाबी, बंगाली, जेवढ्या शिव्या जमवल्या तेवढ्या सगळ्या एकदम बाहेर काढन. मी वाट पाहून राहिलो होतो, खरं सांगतो, काढाव्या असंच मले वाटत होतं. उस्तादानं भाऊकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. म्हने, "देखो, सीख गए." मास्तर शाबासकी देते तशा आवाजात म्हनला. झाडावरचा हात काढला आन फाटकातून बाहेर गेला.

भाऊनं फाटक लावलं. मंग मले इचारलं, "कोन होता रे तो? कुठचा?"

"इथलाच," मी म्हनलं.

"हां, मंग ठीक आहे," भाऊ म्हनाले. "ये, आत ये. ऊन काय आहे बाहेर! पानी घे अगोदर."

पहिल्यांदाच मले काही न इचारता पानी भेटून राहिलं होतं. गिलास गार होता, बाहेरून घाम सुटलेला. घसा कोरडा पडला होता माहा.

मी म्हनलं, "तहान नाही."